होटगीच्या अंगणातून गुरू ग्रहाचं हवामान कसं टिपता येईल? समजून घ्या

गुरू ग्रहावरची वादळं पाहायला नासाचं यानच लागतं, असं तुम्हालाही वाटतं का? प्रत्यक्षात गुरूवरचे काही मोठे बदल सर्वांत आधी हौशी निरीक्षकांच्या फोटोंत दिसले. सोलापूरजवळच्या होटगीतूनही हे काम होऊ शकतं.

हौशी फोटो कशाला हवेत?

जुनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरतंय. पण लांबट कक्षेमुळे ते ग्रहाच्या अगदी जवळ कित्येक आठवड्यांतून एकदाच येतं. ढग मात्र रोज बदलतात. शिवाय गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. भारतात मध्यरात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो. त्या वेळी समोर आलेली बाजू तिथून टिपता येत नाही, ती आपल्याकडून टिपता येते.

आतापर्यंत काय सापडलं?

• फेब्रुवारी २००६ : 'ओव्हल बीए' हे पांढरं वादळ लाल झाल्याचं फिलिपिन्समधील ख्रिस्तोफर गो यांच्या लक्षात आलं.

• १९ जुलै २००९ : ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्ली यांना दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग दिसला. गुरूवर काहीतरी आदळल्याची ती खूण होती. हवाई बेटावरील नासाच्या दुर्बिणीने नंतर खात्री केली.

होटगीचा फायदा काय?

होटगी साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे प्रतियुतीत असेल. तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास तो इथे जवळजवळ डोक्यावर येईल. डोक्यावरच्या ग्रहाचा प्रकाश हवेच्या कमी थरातून येतो, त्यामुळे चित्र कमी थरथरतं. गुरू इतका तेजस्वी आहे की शहराच्या दिव्यांचाही फारसा अडथळा होत नाही.

फोटो कसा काढायचा?

मोबाइल दुर्बिणीला लावूनही ठळक पट्टे दिसतात. वादळं टिपायला मात्र ६ ते ८ इंची दुर्बीण, ग्रहामागे फिरणारी मोटर आणि व्हिडिओ कॅमेरा हवा.

१. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून गरम हवा वर येते. म्हणून मातीचं अंगण निवडा आणि दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा.

२. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. जास्त वेळ घेतला तर गुरू फिरल्यामुळे तपशील पुसट होतात.

३. 'ऑटोस्टॅकर्ट' हे मोफत सॉफ्टवेअर हजारो फ्रेममधून स्थिर फ्रेम निवडून एकावर एक रचतं.

सर्वांत महत्त्वाचं काय?

अचूक वेळ! ती नसेल तर डागाचं रेखांश काढता येत नाही आणि सुंदर फोटोही अभ्यासाला निरुपयोगी ठरतो. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लिहा. रात्रीचे ११.३० म्हणजे १८.००. एआय फिल्टर टाळा, कारण त्यातून नसलेले ढगही उमटू शकतात. मूळ व्हिडिओ जपून ठेवा. उद्या कुणाला नवा डाग दिसला, तर तो आदल्या रात्री होता की नव्हता, हे तुमच्या व्हिडिओवरून ठरू शकतं.