उत्तर लांबवण्याचे तंत्र

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत ठरल्या वेळी भोंगा वाजला, तर कोणी मान वर करत नाही. तोच मध्यरात्री वाजला तर? कान टवकारतात, छाती धडधडते. आवाज तोच, कारण मात्र ठाऊक नसते. रहस्यपटाची सुरुवात नेमका याचाच उपयोग करते.

श्रीराम राघवन यांचा, पुण्यात घडणारा 'अंधाधुन' (२०१८) पाहा. प्रारंभी कोबीच्या शेतात एक ससा, त्याच्या मागावर बंदूकधारी माणूस. मग पडदा काळा होतो, नुसते आवाज ऐकू येतात आणि कथा भलतीकडेच वळते. सशाचा संबंध उलगडतो तो थेट शेवटी.

सगळेच लपवले, तर मात्र उत्कंठा वाढत नाही. आल्फ्रेड हिचकॉक म्हणत, की टेबलाखालचा बाँब अचानक फुटला तर धक्का क्षणभराचा. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळले, तर साध्या गप्पाही श्वास रोखून ऐकल्या जातात. धोक्याच्या नुसत्या शंकेने ॲड्रेनलिन स्रवते, नाडी जलद होते.

करून पाहा : वर्गाचे दोन गट करा. अशा एखाद्या चित्रपटाची पहिली दोन मिनिटे एका गटाला आवाजासह, दुसऱ्याला आवाजाविना दाखवा. आधी व नंतर नाडी मोजा. मनात आलेले प्रश्न लिहायला सांगा.

आणि आपण? धडा व्याख्येने सुरू करतो, म्हणजे उत्तर आधीच सांगून टाकतो. उद्या प्रश्नाने सुरुवात करून पाहू या!