जुन्या शिडाच्या बोटीचा डेप्थ साउंडर बदलताय? स्क्रीनआधी बोटीचा तळ पाहा

गिरगाव चौपाटीवरचं पाणी तासातासाला बदलतं, हे विसर्जनाला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. २०२५ मध्ये लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे कित्येक तास रखडलं होतं. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. अशा समुद्रात बोटीखाली पाणी किती, हे डेप्थ साउंडर सांगतो.

बोटीच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर खाली ध्वनिलहरी सोडतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, म्हणजे १० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी साधारण १३ मिलिसेकंदांत परततो. त्या वेळेवरून खोली निघते.

जुना साउंडर बिघडला की लोक आधी नवी स्क्रीन बघायला जातात. ते सोपं काम. खरी अडचण ट्रान्सड्यूसरची, कारण फ्रिक्वेन्सी किंवा कनेक्टर जुळला नाही तर जुना ट्रान्सड्यूसर नव्या स्क्रीनला चालत नाही. तो तळाला भोक पाडून बसवलेला असेल, तर बदलण्यासाठी बोट पाण्याबाहेर काढणंच बरं. मुंबईत पावसाळ्यात शिडाच्या बोटी किनाऱ्यावर घेतात, तेव्हाच हे काम उरकता येतं.

भोक नको असेल तर भरीव फायबरग्लासच्या बोटीत ट्रान्सड्यूसर आतूनच चिकटवता येतो. मात्र मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की आकडे भरकटतात. म्हणून चिकटवण्याआधी पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून जागा तपासून घ्यावी. लाकडी किंवा लोखंडी बोटीत ही युक्ती चालत नाही.

बसवून झाल्यावर एक सेटिंग हमखास विसरलं जातं. साउंडर खोली मोजतो ती ट्रान्सड्यूसरपासून. पण शिडाच्या बोटीची कील, म्हणजे तळाखालचा जड पंखा, त्याहून खाली असते. ती एक मीटर खाली असेल आणि स्क्रीनवर १.२ दिसत असेल, तर हाती उरलं फक्त २० सेंटिमीटर. हा फरक 'ऑफसेट' म्हणून भरावा लागतो. आधीच्या मालकाने काय भरलं होतं त्यावर विसंबू नये. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून एकदा ताडून पाहावं.

आणखी एक मर्यादा आहे. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली स्पीडबोट मुंबईजवळच्या समुद्रात खडकावर आदळून बुडाली, त्यात एकाचा जीव गेला. साधा साउंडर सरळ खालीच पाहतो. पुढचा खडक त्याला दिसत नाही. तो नकाशावर आणि भरतीच्या वेळापत्रकातच शोधावा लागतो.