काही स्टेशनं खरखरत का लागतात?

एएम रेडिओचा, म्हणजे मध्यम लहरींचा, काटा फिरवून पाहिलाय कधी? एखादं लांबचं स्टेशन खणखणीत लागतं आणि त्याहून जवळचं, जास्त ताकदीचं स्टेशन मात्र खरखरत राहतं. जास्त वॅट म्हणजे आवाज जास्त लांब, असं सरळ गणित असायला हवं ना? पण ते तसं नाही बरं का!

अमेरिकेतल्या उत्तर डकोटा राज्यात बिस्मार्क नावाचं शहर आहे. तिथलं केएफवायआर हे केंद्र ५५० किलोहर्ट्झवर लागतं. ताकद फक्त ५,००० वॅट. अमेरिकेत ५०,००० वॅटची केंद्रं कितीतरी आहेत. तरीही भर दिवसा या केंद्राचा आवाज आपलं राज्य ओलांडून शेजारच्या राज्यांत आणि सीमेपलीकडे कॅनडातही ऐकू येतो. तेवढ्याच वॅटचं केंद्र ईशान्येकडच्या खडकाळ न्यू इंग्लंडमध्ये उभं केलं, तर त्याला एवढी मजल मारता येत नाही.

याचं उत्तर पायाखाली आहे. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात. डांबरी रस्त्यावरून तुम्ही मैलभर सहज जाल, पण नांगरलेल्या शेतातल्या ढेकळांतून तेवढंच अंतर चालताना धाप लागेल. लहरींचंही तसंच होतं. जमिनीतून वीज चांगली वाहत असेल तर लहरींची शक्ती कमी खर्च होते. कोरडा खडक असेल तर ती वाटेतच जिरते. उत्तर डकोटाची माती या कामाला फार चांगली आहे. आणि सगळ्यात उत्तम काय, सांगा पाहू? समुद्राचं खारं पाणी! कोरड्या खडकाळ जमिनीपेक्षा ते हजारो पट चांगलं वीजवाहक असतं. म्हणून अशा केंद्रांचे टॉवर पुष्कळदा खाडीकाठी, दलदलीत, खाजणात उभे केलेले दिसतात. मुंबई आकाशवाणीचे मध्यम लहरींचे टॉवरही खाडीलगतच्या मालाड-मालवणी भागात आहेत.

इथे टॉवरबद्दल सांगायलाच हवं. एफएमच्या टॉवरवर अँटेना बसवलेला असतो. एएमचा टॉवर मात्र बहुतेक वेळा स्वतःच अँटेना असतो. तो सगळाच्या सगळा उंच लोखंडी सांगाडा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्या अंगातून वीज खेळत असते. त्याला हात लावणं जिवावर बेतू शकतं, म्हणून भोवती कुंपण असतं. अर्धा अँटेना असा वर, आणि उरलेला अर्धा जमिनीत! टॉवरच्या बुंध्यापासून चारी बाजूंना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, सूर्याच्या चित्रात किरण काढतो ना, तशाच. किती तारा हव्यात? अमेरिकेतल्या ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन या तीन अभियंत्यांनी याचे प्रयोग करून १९३७ साली निष्कर्ष छापले. तेव्हापासून १२० तारा ही जवळजवळ रीतच पडली. या तारा गंजल्या, नांगराने तुटल्या किंवा चोरांनी तांब्यासाठी उपसून नेल्या, तर टॉवर तोच, वॅट तेवढेच, पण आवाज मात्र खालावतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळतही नाही.

लहरीच्या लांबीचाही हात असतो. ३,००,००० ला किलोहर्ट्झच्या आकड्याने भागा, लांबी मीटरमध्ये मिळेल. मुंबईचं ५५८ आणि पुण्याचं ७९२ हे आकडे आजी-आजोबांना विचारा, कदाचित पाठ असतील. ५५८ ची लहर सुमारे ५३८ मीटर लांब, ७९२ ची सुमारे ३७९ मीटर. लहर जितकी लांब, तितकी तिची शक्ती जमिनीत कमी जिरते. १५०० किलोहर्ट्झच्या पुढची केंद्रं इथे मार खातात.

पण मला सगळ्यात आवडणारं कारण वेगळंच आहे. काही केंद्रं एका दिशेला मुद्दाम हळू बोलतात!

फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला ६२० किलोहर्ट्झवर डब्ल्यूएफएलए आणि डब्ल्यूएसयूएन ही जोडकेंद्रं होती. त्याच आकड्यावर दीड हजार किलोमीटरहून लांब, उत्तरेला मिलवॉकी शहरात डब्ल्यूटीएमजे हे केंद्र होतं. दिवसा कुणाला कुणाचा त्रास नसे, कारण दिवसा आकाशात उंचावर हवेचा एक विद्युतभारित थर असतो आणि वर जाणाऱ्या मध्यम लहरी तो शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून थेट शेकडो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे रात्री मिलवॉकीच्या लोकांच्या कार्यक्रमात फ्लोरिडाची लुडबुड सुरू व्हायची. यावर काय करायचं? केंद्र बंद करायचं?

रेमंड विल्मॉट या अभियंत्याने १९३२ साली तोडगा काढला: दोन टॉवर वापरायचे! दोन्ही टॉवर तोच कार्यक्रम पाठवणार, पण वेळ अशी साधायची की मिलवॉकीच्या दिशेने जाताना एकाच्या लहरीचा उंचवटा आणि दुसऱ्याच्या लहरीचा खळगा एकत्र यावा. दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात! बाकीच्या दिशांना लहरींची बेरीज होते, तिथे आवाज व्यवस्थित. दुसऱ्या केंद्राला सांभाळण्यासाठी असा अँटेना बांधण्याची ही पहिलीच वेळ मानतात. किती सुंदर युक्ती आहे पाहा! पुढे ती जगभर वापरली गेली. म्हणून तीन-चार टॉवर एका रांगेत उभे दिसले, तर ते केंद्र बहुधा कुणाला तरी सांभाळून बोलत असतं. तुमचं घर नेमकं त्या गप्प दिशेला असेल, तर कितीही वॅट असले तरी खरखरच ऐकू येणार.

एक कारण तर तुमच्या हातातच असतं. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. तोच त्याचा एएमचा अँटेना. एखादं स्टेशन लावा आणि ट्रान्झिस्टर आडवाच ठेवून सावकाश गोल फिरवा. एका स्थितीत आवाज अगदी बारीक होईल. तेव्हा कांडीचं टोक टॉवरच्या दिशेने असतं. नकाशावर तुमच्या घरापासून त्या दिशेने रेघ ओढा. मग काही किलोमीटरवर राहणाऱ्या मावशीकडे किंवा मित्राकडे जाऊन पुन्हा तेच करा. दोन रेघा जिथे छेदतील, त्याच्या आसपास टॉवर शोधा.