खुराडं, दांडी आणि खराटा

कोंबड्या पाळायच्या म्हटलं की आपल्याकडं सगळी चर्चा पिल्लांची होते. वनराजा घ्यावी की गिरिराजा, कावेरी चांगली की आपली गावरानच बरी, पिल्लू केवढ्याला पडतं, मर किती होते. खुराड्याचा विषय निघालाच तर पत्रे किती आणि जाळी किती, एवढ्यावर मिटतो. रात्री कोंबडी बसणार कशावर, हे कुणी विचारत नाही. फॅब्रिकेशनवाला उरलेला एखादा पाइप आडवा घालतो, दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टाका मारतो आणि पैसे घेऊन जातो. पुढची पाच-सात वर्षं त्या पाइपाखालची घाण घरातली बाई ओणवी होऊन खरडत राहते.

जालन्यात हे जास्त खटकतं, कारण या गावाला लोखंड शिकवायची गरज नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई राज्यभरच्या स्लॅबांत जाते. अँगल कापून देणारा, पाइपाला भोक पाडून देणारा कारागीर तालुक्याच्या प्रत्येक गावी सापडतो. बियाण्याच्या धंद्यातही जालना पुढं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथंच सुरू केली. एवढं सगळं असून परसातलं खुराडं मात्र अजून ‘चालतंय की’ या मापानं बांधलं जातं.

परसातली कोंबडी ही काही हौसेची बाब नाही. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही. दुष्काळी वर्षात दावणीची जनावरं छावणीला जातात नाहीतर बाजाराला. आखाड्यावरच्या दहा कोंबड्या मात्र खरकटं, किडे आणि खळ्यावरचे दाणे यांवर तग धरतात, आणि अंड्यांचे पैसे थेट बाईच्या हातात पडतात. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात भरल्या. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ जवळजवळ ४६ टक्के होती. सगळ्या कोंबड्या मिळून वाढ झाली ती १७ टक्क्यांच्या आसपास. परसासाठी जाती तयार करण्याचं कामही बरंच झालं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं वनराजा आणि ग्रामप्रिया दिल्या, बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं गिरिराजा दिली. शेजारी छत्रपती संभाजीनगरला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. जिल्ह्यात खरपुडीला आणि बदनापूरला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पिल्लू, खाद्य, लस, सगळ्याला विचारायला जागा आहे. दांडी तेवढी पोरकी राहिली.

पूर्वी तिची गरजही भासत नव्हती. धाब्याच्या घरात ओसरीच्या भिंतीतच बुडाशी खुराडं असे, तोंडाला फरशीचा तुकडा आणि त्याला टेकू म्हणून दगड. नाहीतर डालगं पालथं घालून वर पाटा ठेवायचा. तरण्या कोंबड्या कडुनिंबावर चढून बसत आणि सकाळी आपणहून उतरत. झाडावर बसणारी कोंबडी खरं तर आपल्या मूळ स्वभावाला धरून वागत असते. तिचा पूर्वज रानकोंबडा, आणि तो रात्र झाडावरच काढतो. तिच्या पायाची रचनाही त्यासाठीच आहे: ती बसली, गुडघा दुमडला की पायामागच्या शिरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप आवळली जातात. झोपेतही पकड सुटत नाही. तिन्हीसांजेला खुराड्याशी उभं राहून पाहिलं तर ही ओढ डोळ्यांनी दिसते. उजेड उतरू लागला की कोंबड्या एकेक करून आत शिरतात, मान वाकडी करून उंची जोखतात, आणि सगळ्यात उंच जागेसाठी टोचाटोची सुरू होते. दांडी नसेल तर उंच जागा म्हणून अंड्याच्या खोक्याचा काठ धरतात, रात्रभर त्यात शिटतात, आणि सकाळी अंडी धुण्याचं काम वाढवून ठेवतात. म्हणून पहिला नियम असा की अंड्याची खोकी दांडीपेक्षा खाली हवीत. दुसरा असा की सगळ्या दांड्या एकाच उंचीला हव्यात. शिडीसारख्या चढत्या दांड्या फोटोत छान दिसतात; प्रत्यक्षात वरच्या दांडीवर मारामारी होते आणि वरचीची शीट खालचीच्या पाठीवर पडते.

मापं अवघड नाहीत. एका कोंबडीला आठ ते दहा इंच दांडी धरायची. दहा कोंबड्यांना सात-आठ फूट लागते, म्हणजे चार फुटांच्या दोन दांड्या. त्याहून लांब घेतली तर मध्ये झोळ येतो. दोन दांड्यांत फूटभर अंतर, भिंतीपासूनही जवळपास तेवढंच, नाहीतर शेपटी भिंतीला घासते आणि भिंत शिटेनं माखते. दांडी दीड ते दोन इंच रुंद असावी, वरच्या कडा रंध्यानं मोडून घ्याव्यात. सळई किंवा अर्ध्या इंचाचा पाइप बारीक पडतो. सगळं वजन तळव्यात एकाच जागी येतं आणि पाय दुखावतो. लाकडाची कुसळं निघालेली असली तरी तेच. तळव्यात जंतू शिरून गाठ होते, कोंबडी लंगडते आणि अंडी थांबतात. वनराजासारख्या अंगानं भारी जातीला उंचावरून रोज उडी मारायला लावली तरी हाच परिणाम, म्हणून तिला चढायला-उतरायला आडव्या पट्ट्या ठोकलेली तिरपी फळी द्यावी.

दांडीच्या आकाराचा हा काथ्याकूट नवा नाही. रोमन शेतीलेखक कोलुमेला यानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की कोंबड्यांच्या दांड्या तासून चौकोनी कराव्यात, गोल गुळगुळीत दांडीवर पक्ष्याला नीट बसता येत नाही. चुलीचा धूर कोंबड्यांना मानवतो असंही त्याचं म्हणणं होतं. आपल्या चुलीजवळच्या खुराड्यांची त्याला माहिती असण्याचं कारण नाही, पण अनुभव दोन्हीकडचा जुळतो. युरोपीय संघाच्या १९९९च्या निर्देशात प्रत्येक कोंबडीमागं किमान १५ सेंटिमीटर दांडी, दोन दांड्यांत ३० आणि भिंतीपासून २० सेंटिमीटर अंतर सांगितलं आहे. त्यातलीच एक अट आपल्या कामाची: जमिनीवर पसरलेल्या भुश्याच्या वर दांडी बसवू नये. कोंबड्या दिवसा ज्या भुश्यात उकरतात, त्याच्यावरच रात्रभर शीट पडत राहिली तर भुसा महिनाभरही टिकत नाही.

इथून खरा विषय सुरू होतो. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर शीट टाकते. दहा कोंबड्यांची रोजची किलोभर झाली, आणि त्यातला मोठा वाटा रात्री, एका जागी, दांडीखाली पडतो. ही तक्रार मानायचं कारण नाही. उलट सगळ्या खुराड्यात पसरणारी घाण कोंबडी स्वतःहून दोन ओळींत मांडून देते. ती उचलायची सोय तेवढी आपण करायची. दांडीखाली वीतभर अंतरावर एक फळी सरकवली की रात्रीचा सगळा माल फळीवर पडतो. सकाळी फळी ओढायची, खुरप्यानं किंवा पत्र्याच्या पट्टीनं खरडायची, घमेल्यात टाकायचं, फळी परत सरकवायची. भाकरीचा तवा तापेपर्यंत काम उरकतं. फळी जाड प्लायची चालते, पण उघडं प्लाय ओल पितं. त्यावर जुन्या फ्लेक्सचा तुकडा ताणून ठोकावा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स कुठल्याच गावात कमी नाहीत, आणि त्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. फक्त छापील बाजू खाली ठेवावी, भांडणं नकोत.

फळीवर काय पसरावं याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. वास आला की चुन्याची फक्की मारायची. शिटेतलं यूरिक आम्ल ओलीत कुजतं आणि अमोनिया होतो, तोच नाकात आणि डोळ्यांत झोंबतो. ओल्या शिटेवर चुना किंवा राख पडली की हा अमोनिया उलट जास्त सुटतो. फळीवर कोरडी चाळलेली माती किंवा सॉ मिलमधला लाकडाचा भुसा पातळ पसरावा. चुना भिंतीला लावावा, तिथं त्याचं काम चोख आहे. राख कोंबड्यांच्या धूळस्नानाच्या खड्ड्यात टाकावी. खुराड्यात खाली वाकून एक खोल श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर कोंबडीच्या श्वासनळीचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको; तिला तिथं बारा तास काढायचे असतात.

पण फळीपेक्षाही महत्त्वाची आहे ती दांडी काढता येण्याची सोय. का, ते पाहायचं असेल तर भर दुपारी, कोंबड्या बाहेर असताना, खिळ्यांनी ठोकलेली एखादी जुनी दांडी उपटून पालथी करा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या लाकडाच्या खालच्या अंगाला, भिंतीशी टेकलेल्या टोकात आणि चिरेत राखाडी-तांबूस चपटे ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले दिसतील. नखानं दाबलं तर रक्त येतं. ते कोंबडीचंच. ही कोंबड्यांची गोचीड. जनावरांच्या गोचिडीसारखी ती अंगाला चिकटून राहत नाही. तिची बारीक पिल्लं काही दिवस अंगावर राहतात, पण मोठी गोचीड रात्री फटीतून निघते, तासा-दोन तासांत पोट भरते आणि उजाडायच्या आत परत फटीत जाते. दिवसा कोंबडी हातात घेऊन पिसं चाळणाऱ्याला म्हणूनच ती सापडत नाही. खायला नसेल तरी वर्षभराहून अधिक जगते, तेव्हा खुराडं दोन महिने मोकळं ठेवून ती जात नाही. रक्त पिऊन कोंबडीला अशक्त करते ते वेगळंच, शिवाय स्पायरोकीटोसिस नावाचा ताप पसरवते. त्यात हिरवी हगवण लागते आणि पक्षी बघता बघता जातो. गावात अशी मर लागली की सरसकट ‘मानमोडी आली’ म्हणतात. मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, लस आहे. ती टोचूनही खुराडं रिकामं होत असेल तर दांडीची खालची बाजू बघावी.

गोचिडीला हवी असते फट. म्हणून चांगल्या खुराड्याची सगळी कारागिरी फटी कमी करण्यात आहे. बांबू स्वस्त आणि हलका, पण पोकळ. त्याचं उघडं तोंड म्हणजे गोचिडीला बांधून दिलेलं घर. वापरायचाच तर दोन्ही टोकं सिमेंटनं बुजवावीत आणि चिरला की फेकून द्यावा. बाभळीची साल सोलल्याशिवाय ती आत आणू नये. कडुनिंबाच्या लाकडाला कीड लागत नाही म्हणतात. वाळवीपुरतं त्यात तथ्य आहे, पण गोचिडीनं कडुनिंबाची चीर टाळल्याचं मी पाहिलेलं नाही. पऱ्हाटी आणि तुराट्यांचा कूड स्वस्तात उभा राहतो, हवाही खेळती ठेवतो, मात्र त्याच्या प्रत्येक काडीत फट आहे.

इथं जालन्याचं लोखंड कामाला येतं, आणि माझं मत स्पष्ट आहे: सांगाडा लोखंडाचा, दांडी लाकडाची. पूर्ण लोखंडी दांडी घसरडी असते, हिवाळ्यात पहाटे गार पडते. पूर्ण लाकडी खुराड्यात सांधे फार. अँगलचा सांगाडा केला तर त्याला फट जवळजवळ राहत नाही आणि वर्षातून एकदा त्यावरून फ्लेम गन फिरवता येते, अर्थात लाकूड, फ्लेक्स आणि गवत सगळं लांब नेऊन. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना आतून इंग्रजी यू अक्षरासारख्या दोन-दोन खोबणी वेल्ड करून घ्याव्यात. सळईचे तुकडे वाकवले तरी भागतं. चार फुटांची साधी लाकडी रीप त्यांत वरून ठेवायची. खिळा नाही, स्क्रू नाही, तार नाही. कोंबडीच्या वजनानंच ती बसते. खोबण सैल ठेवावी, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि अडकलेली दांडी कुणी काढत नाही. महिन्यातून एकदा दांडी उचलायची, उकळतं पाणी ओतायचं आणि दिवसभर उन्हात टाकायची. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हाइतकं स्वस्त औषध दुसरं नाही. दांड्यांचा एक जादा जोड ठेवला तर संध्याकाळची घाई होत नाही.

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच पायांवर घेतलं तर मुंगूस, मांजर आणि कुत्री लांब राहतात, ओल चढत नाही. शिवाय शिटेची फळी साफ करणारीच्या कमरेच्या बेताला येते. दार पूर्ण रुंदीचं हवं, आणि फळी दारातून सरळ बाहेर यायला हवी. बहुतेक खुराड्यांचं दार कोंबडीच्या मापाचं असतं; ती आत जाते, खराटा जात नाही. बांधणारा पुरुष आणि झाडणारी बाई, अशी वाटणी असलेल्या घरांत ही चूक हमखास होते.

फळीवरचं खत ताजं असताना मोसंबीच्या बुडाशी टाकू नये. त्यात नत्र जास्त, ते मुळ्या भाजतं. पालापाचोळा आणि मातीबरोबर खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवावं. खरडताना तोंडाला रुमाल बांधावा, हात साबणानं धुवावेत. २०२१च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, ही फार जुनी गोष्ट नाही. एकदम चार-सहा कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

नवं खुराडं बांधणार असाल तर वेल्डिंगवाल्याला माप देण्याआधी जी झाडणार आहे तिला तिथं उभं करा, फळीची उंची तिच्या कमरेवरून ठरवा आणि दाराची रुंदी तिच्या खराट्यावरून. जुनं असेल तर पावसाळा लागण्याआधी एक रविवार काढा, दांडीचे खिळे उपसा, ती उलटी करून बघा आणि परत बसवताना खिळे मारू नका.