सहा ठिपके

ज्यूंच्या धर्मग्रंथाची, तोराची, गुंडाळी कधी जवळून पाहायला मिळाली, तर त्यातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायातला एक शब्द शोधाच. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या या हिब्रू मजकुरात स्वरचिन्हं नसतात. तरी या शब्दाच्या सहाही अक्षरांवर एकेक ठिपका आहे. शब्दाचा अर्थ, त्याने त्याचं चुंबन घेतलं. शतकानुशतकं लेखनिक ते ठिपके जसेच्या तसे उतरवत आले. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या तोरातही ते आहेत.

चुंबन घेणारा एसाव. घेतलं ते जुळ्या भावाचं, याकोबाचं. हातांना करडांची कातडी गुंडाळून याकोबाने आंधळ्या बापाला फसवलं होतं, एसावाचा आशीर्वाद लाटला होता. एसाव जिवावर उठला आणि याकोब परागंदा झाला. वीस वर्षांनी परततो, तर भाऊ 400 माणसं घेऊन सामोरा येतोय! धास्तावून तो भेट पुढे धाडतो: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, पिलांसह 30 दुभत्या सांडण्या, गाईबैल, गाढवं. तीही एकदम नाही. कळपाकळपांत अंतर राखून, म्हणजे राग थोडा थोडा निवत जाईल. मग स्वतः सात वेळा जमिनीपर्यंत वाकत पुढे होतो. आशीर्वादात तर भावांनी त्याच्यापुढे वाकायचं होतं.

एसाव धावत येऊन गळ्यात पडतो. दोघेही रडतात.

मग ठिपके कशाला? रब्बी यन्नाय म्हणतात, तो चावायलाच आला होता. हिब्रूत चुंबन आणि चावा हे शब्द अगदी शेजारचे. याकोबाची मान संगमरवरी झाली म्हणून वाचला! अकराव्या शतकातला भाष्यकार रशी दुसरंही मत नोंदवतो: वैर होतंच, पण त्या घडीला करुणा दाटून आली आणि चुंबन मनापासूनचं होतं. मला हेच पटतं.

त्याहून मला हलवतो तो पुढचा एक शब्द. एसाव भेट नाकारतो, माझ्याकडे पुष्कळ आहे म्हणतो. आग्रह करताना याकोब तिला आधी ‘मिन्हा’, म्हणजे नजराणा, म्हणतो आणि लगेच पुढे ‘ब्राखा’. ब्राखा म्हणजे आशीर्वाद. जे चोरलं, त्याच नावाने तो परत देतोय. एसाव घेतो.

पुढे मात्र ते एकत्र नांदत नाहीत. मागोमाग सेईरला येतो असं सांगून याकोब सुक्कोथकडे वळतो. त्यानंतर दोघे एकत्र दिसतात ते बापाला, इसहाकाला, मूठमाती देताना.