मिटिंगमधला होकार ओळखावा कसा?

ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरातला एखादा छापील सरकारी कागद हातात आला, तर त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'येरवडा कारागृह मुद्रणालय' असं छापलेलं सापडायचं. गावाचा आणि येरवड्याचा संबंध एवढाच, असं मी धरून चाललो होतो. पुढे शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आणि मालाचा सौदा करायला येरवड्याच्या काचेच्या इमारतींत जायची वेळ आली.

शिरूर तालुक्यातल्या एका उत्पादक कंपनीच्या तीन संचालकांबरोबर मी असाच एकदा गेलो होतो. माल उन्हाळी कांदा. वाघोलीच्या गर्दीत तासभर मोडला, तरी वेळेत पोचलो. समोर खरेदी खात्याची चार माणसं. सगळी मराठी आडनावाची, वागायला चांगली. चहा आला, साखर वेगळ्या पुडीत आली. सुरुवातीची दोन वाक्यं मराठीत झाली आणि मग बोलणं आपोआप इंग्रजीवर गेलं. तासाभराने त्यांचे मुख्य साहेब उठता उठता म्हणाले, 'इन प्रिन्सिपल वुई आर ओके, सब्जेक्ट टू क्वालिटी क्लिअरन्स. वुई विल गेट बॅक टू यू.'

आमच्या अध्यक्षांनी त्यातलं 'ओके' ऐकलं. खरं सांगायचं तर मीही तेवढंच ऐकलं. मी कृषी पदविकेचा माणूस, खतांच्या गोणीवरचं आणि औषधांच्या बाटलीवरचं इंग्रजी मला पाठ, मिटिंगचं नाही. गाडीत बसल्याबसल्या गावाकडे फोन गेला, 'सौदा ठरला.' सभासदांनी कांदा बाजारात न्यायचा थांबवला. बायामाणसं लावून निवड केली, नवीन गोण्या आणल्या. इकडे बाजार उतरत गेला. तीन आठवड्यांनी ई-मेल आला, 'द प्रपोजल इज अंडर कन्सिडरेशन.' म्हणजे प्रस्ताव विचाराधीन आहे. आपल्या सरकारी भाषेत हे शब्द आले की काय समजायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गावात बैठक बसली. एक म्हातारे सभासद मला म्हणाले, "साहेब, ठरलं होतं ना? मग कागद कुठाय?" कागद नव्हता. आणि त्या कंपनीनं फसवलं असंही म्हणता येत नव्हतं, कारण ते जे बोलले ते अक्षरशः खरं होतं. 'इन प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्वतः. 'सब्जेक्ट टू' म्हणजे अमुक गोष्टीच्या अधीन राहून. माल तपासणीत पास झाला तर, नाहीतर नाही. आणि 'वुई विल गेट बॅक टू यू' म्हणजे आम्ही नंतर कळवू. तिन्ही वाक्यांत होकार कुठेच नव्हता.

आपली गल्लत होते ती इथे. इंग्रजी येत नाही म्हणून नुकसान होतं असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही. फर्डं इंग्रजी बोलणाऱ्या पदवीधर मुलाला मिटिंगला नेऊनही हीच फसगत झालेली मी पाहिली आहे. मिटिंगचे ठरावीक वीसपंचवीस शब्द असतात. ठरलं की नाही, कुणी करायचं, कधीपर्यंत करायचं, हे सगळं त्या शब्दांवर फिरतं. ते कळले की बाकीचं इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं.

येरवड्याच्या तुरुंगावरून जाताना मला एक गोष्ट नेहमी आठवते. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करारावर सह्या झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, पंडित मदनमोहन मालवीय अशी मोठी माणसं त्यात होती. पण येरवड्याच्या तुरुंगातलं गांधीजींचं उपोषण सुटलं ते २६ तारखेला, ब्रिटिश सरकारनं करार मान्य केल्यावर. त्या प्रसंगाची आपल्या कांद्याशी तुलना करायचा माझा इरादा नाही. पण सह्या झाल्यावरसुद्धा मंजुरीची वाट पाहिली गेली, आणि आम्ही नुसत्या 'ओके'वर गोण्या आणल्या.

आता शब्दांकडे वळू. यातले निम्मे तुम्हाला आधीच येतात, फक्त वेगळ्या नावानं. ग्रामसभेची नोटीस निघते, तिच्यात विषयपत्रिका असते, तोच 'अजेंडा'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'करायच्या गोष्टी' एवढाच. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असतात, ते तिकडे 'एनी अदर बिझनेस'. बिझनेस म्हटलं म्हणून धंद्याचा विषय काढायचा असं नाही, राहिलेलं काहीही तिथे काढता येतं. अध्यक्षाला 'चेअर' म्हणतात, खुर्चीलाच मान. सूचक तो 'प्रपोजर', अनुमोदक तो 'सेकंडर'. गणपूर्ती म्हणजे 'कोरम'. सभा तहकूब झाली तर 'ॲडजर्न', पुढे ढकलली तर 'पोस्टपोन', अलीकडे आणली तर 'प्रिपोन'. हा शेवटचा शब्द आपल्या देशातच जास्त चालतो, साहेबाच्या देशातला माणूस गोंधळून बघेल.

'मिनिट्स' या शब्दानं अनेकांना चकवलं आहे. 'प्लीज सर्क्युलेट द मिनिट्स' असं कुणी म्हणालं तर त्याचा घड्याळाशी संबंध नाही. मिनिट्स म्हणजे सभेचं इतिवृत्त, आपण ज्याला प्रोसिडिंग म्हणतो ते. 'कन्फर्म द मिनिट्स' म्हणजे मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. प्रत्येक ग्रामसभेचा पहिला विषय तोच असतो आणि त्या वेळी निम्मी सभा तंबाखू मळत असते. तसं कंपनीच्या मिटिंगला करू नका.

'टेबल' हा शब्द तर दुधारी. आपल्याकडे आणि इंग्लंडात प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे तो चर्चेला ठेवला. अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला! समोरची कंपनी अमेरिकी असेल तर विचारून घ्या.

मिटिंगमधलं कुठलं बोलणं किती वजनाचं, ते असं ओळखा. 'नोटेड' म्हणजे ऐकून घेतलं, मान्य केलं नाही. 'वुई विल लुक इन्टू इट' म्हणजे बघू. 'लेट अस पार्क धिस' म्हणजे हा विषय आज नको. 'टेन्टेटिव्ह' तारीख म्हणजे अंदाजी तारीख, तिच्यावर ट्रक ठरवू नये. 'लेटर ऑफ इंटेंट' हा इरादापत्राचा कागद. हातात आला की बरं वाटतं, पण तो घ्यायची तयारी दाखवतो, खरेदी नाही. 'ॲग्रीड' आणि 'अप्रूव्हड' हे होकाराचे शब्द, आणि 'परचेस ऑर्डर' हा होकाराचा कागद. त्यावर माल किती, कुठल्या प्रतीचा, दर काय, पोच कुठे आणि पैसे किती दिवसांत, हे लिहिलेलं नसेल तर तो कागदही अर्धाच.

बोलायची वाक्यं थोडीच पुरतात. समजलं नाही तर 'कुड यू प्लीज रिपीट दॅट?' यात कमीपणा नाही, तिथले साहेब लोक एकमेकांना दिवसभर हेच विचारतात. कुणी काही कबूल केलं की लगेच दोन प्रश्न टाका: 'हू विल डू इट?' आणि 'बाय व्हॉट डेट?' कोण करणार, किती तारखेपर्यंत. उठायच्या आधी 'लेट मी सम अप' म्हणून ठरलेल्या गोष्टी मोठ्यानं म्हणून दाखवा. मराठीत म्हटल्या तरी हरकत नाही, चूक असेल तर समोरचा लगेच तोंड उघडतो. आणि शेवटी 'कॅन वुई हॅव धिस इन रायटिंग?' एवढं वाक्य विसरू नका. अलीकडे अर्ध्या मिटिंगा मोबाईलवरच होतात. तिथे कुणी 'यू आर ऑन म्यूट' म्हणालं तर ओशाळू नका; तुमचा आवाज बंद आहे, बटण दाबा, इतकंच.

हे झालं दुसऱ्याच्या मिटिंगचं. आपल्या स्वतःच्या कंपनीची सभा मात्र खुशाल मराठीत घ्या, पण नियमात घ्या. उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं आली, २०२० च्या दुरुस्तीनंतर ती २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. संचालक कमीत कमी ५, जास्तीत जास्त १५. संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत एकदा तरी, म्हणजे वर्षाला ४, आणि तिची नोटीस ७ दिवस आधी. बैठकीला एक तृतीयांश संचालक हजर हवेत, पण ३ पेक्षा कमी चालत नाहीत. सर्वसाधारण सभेची लेखी नोटीस १४ दिवस आधी, आणि गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश, नियमावलीत जास्त ठरवली नसेल तर. वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर विषयपत्रिका, मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि तपासलेला ताळेबंद जायला हवा. सभा झाल्यावर ६० दिवसांच्या आत कागद कंपनी निबंधकाकडे जातात.

इथे ग्रामसभेची सवय नडते. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जे कमी असेल ते पुरतात, आणि कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणून आपण पहिली सभा सरळ तहकूब होऊ देतो. ५०० सभासदांच्या उत्पादक कंपनीला १२५ माणसं बसवावी लागतात. ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब बहुतेक गावात कंपनीलाही सल्ला देतात, त्यांनी एवढा फरक ध्यानात ठेवावा. घरी जाऊन सह्या गोळा केलेलं हजेरी पुस्तक मी पाहिलं आहे. भांडण उभं राहिलं की पहिलं तेच पुस्तक मागतात.

पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा येरवड्याला गेलो. कंपनी दुसरी, काच तशीच. या वेळी त्या म्हाताऱ्या सभासदांनाही बरोबर घेतलं. त्यांना इंग्रजी ओ की ठो येत नाही. पण मिटिंग संपत आली तसं त्यांनी खिशातली वही काढली आणि मराठीत विचारलं, "ठरलेलं कोण लिहून घेतंय?" साहेब हसले. पण एका मुलीनं लॅपटॉप पुढे ओढला, आणि दर, गोणीचं वजन, तपासणी आमच्याच गोदामात, तपासणीची तारीख, सगळं परत एकदा बोलून टाइप झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिनिट्स आले. दोन संचालकांच्या नावांची स्पेलिंग चुकली होती, ती दुरुस्त करून मागितली. परचेस ऑर्डर यायला आणखी नऊ दिवस गेले, आणि तोवर कुणीही बाजारात कांदा न्यायचा थांबवला नाही.