ओढ्याच्या अलीकडे, पलीकडे

31 ऑक्टोबरला जर्मनीतल्या म्योडलारॉइटच्या अर्ध्या गावाला सुट्टी असते. उरलेले अर्धे गाव, रविवार नसेल तर, नेहमीसारखे कामावर जाते. दुसऱ्या दिवशी सगळे उलटे: काल राबलेले घरी, काल घरी बसलेले कामावर. पहिल्या दिवशी थुरिंगिया राज्यात मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेची सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी बव्हेरियात सर्व संतांच्या सणाची. गाव मोठे असते तर यात नवल वाटले नसते. पण इथे माणसे जेमतेम चाळीस-पन्नास, आणि दोन राज्यांच्या मध्ये काय, तर पावसाळी चपलेने सहज ओलांडता येईल एवढा एक ओढा.

ओढ्याचे नाव टानबाख. गावाच्या नावातले ‘रॉइट’ सांगते, की कधीकाळी जंगल तोडून, जमीन मोकळी करून ही वस्ती वसली. प्रसिद्ध बायरॉइटही त्याच घराण्यातले. जवळचे मोठे शहर होफ. भोवती चढउताराची शेते, अधूनमधून सूचिपर्णी झाडांची राई, मध्ये एक तळे आणि त्याच्या आसपास उतरत्या छपरांची घरे. जर्मनीत अशी शेकडो गावे आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी वाट वाकडी करत नाही.

गावाची शीव म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वस्तीच्या बाहेरची, शेताच्या कडेची रेघ येते. म्योडलारॉइटची शीव गावाच्या पोटातून जाते. तिच्यावरच्या दगडांना कारण ठरला नेपोलियन. होफ आणि बायरॉइटचा मुलूख आधी प्रशियाकडे होता, मग काही वर्षे फ्रेंचांच्या ताब्यात गेला, आणि 1810 मध्ये नेपोलियनने तो बव्हेरियाच्या राजाला देऊन टाकला. नवा मालक आला की मोजणी आलीच. टानबाखच्या काठाने दगड रोवले गेले. बव्हेरियाच्या राज्याची खूण ‘के बी’ आणि समोरच्या रॉइस संस्थानाची ‘एफ आर’, अशी अक्षरे त्यांवर कोरली. ओढ्याच्या अलीकडचा शेतकरी राजाची प्रजा झाला आणि पलीकडचा छोट्या संस्थानिकाची.

गावकऱ्यांनी ही गोष्ट फारशी मनावर घेतली नाही. शाळा थुरिंगियाच्या बाजूला, गुत्ताही तिकडेच. दोन्हीकडची पोरे त्या एका शाळेत शिकली आणि दोन्हीकडचे बाप त्या एका गुत्त्यात बसले. रविवारच्या प्रार्थनेला मात्र सगळे बव्हेरियातल्या ट्योपनच्या चर्चमध्ये. 1918 मध्ये राजा गेला आणि संस्थानिकही गेला. रॉइसचा मुलूख 1920 मध्ये थुरिंगिया राज्यात विलीन झाला. दगडांवरची अक्षरे शिळी झाली, पण रेघ तिथेच राहिली. कर वेगळ्या कचेरीत भरायचा, एवढाच तिचा त्रास. सव्वाशेहून अधिक वर्षे ही शीव जवळजवळ कुणाच्या पायात आली नाही, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे.

1945 च्या वसंतात अमेरिकी फौजा आल्या. जुलैमध्ये विजेत्यांच्या आपसांतल्या करारानुसार त्यांनी थुरिंगिया सोव्हिएत फौजांच्या हवाली केला आणि मोजणीदारांनी रोवलेल्या त्या दगडांना एकाएकी जगाच्या राजकारणात जागा मिळाली. टानबाखच्या अलीकडे अमेरिकी विभाग, पलीकडे सोव्हिएत. तरीही सुरुवातीला पास दाखवून ये-जा चाले. शेत पलीकडे असलेला माणूस जाऊन नांगरट करून येई. 1949 मध्ये दोन जर्मन राष्ट्रे झाली आणि गाव दोन देशांत गेले, तरी ओढा अजून ओढाच होता.

हे संपले 1952 मध्ये. 26 मे रोजी पूर्व जर्मन सरकारने सीमेबाबतचा हुकूम काढला. सीमेला लागून 10 मीटरचा पट्टा नांगरून भुसभुशीत ठेवायचा, म्हणजे कुणाचे पाऊल पडले तर ते उमटेल. त्यामागे 500 मीटरची संरक्षित पट्टी, आणि त्याही मागे 5 किलोमीटरपर्यंत निर्बंधांचा प्रदेश. पलीकडचे म्योडलारॉइट अख्खेच्या अख्खे 500 मीटरच्या आत आले. रात्री घराबाहेर पडायचे नाही. स्वतःच्याच घरी राहायला ओळखपत्रावर शिक्का हवा. बाहेरगावच्या पाहुण्याला परवाना हवा, आणि या पट्टीत तो सहसा मिळतच नसे. लग्नाकार्याला सख्खी भावंडे येऊ शकत नसत. गावात माणसाच्या डोक्याच्या वर जाईल असे फळ्यांचे कुंपण उभे राहिले. पश्चिमेच्या पोरांची शाळा त्या फळ्यांमागे गेली, आणि पूर्वेच्या म्हाताऱ्यांचे चर्च फळ्यांच्या या बाजूला राहिले.

त्याच जूनमध्ये सीमेलगतच्या ‘अविश्वासू’ कुटुंबांना उचलून आत, दूरच्या गावी नेऊन टाकण्याची मोहीम निघाली. सामान बांधायला काही तास मिळत. मोहिमेला जे नाव चिकटले ते ‘उंगेत्सीफर’, म्हणजे घरातली कीड. 1961 च्या ऑक्टोबरमध्ये दुसरी फेरी झाली. त्या वेळी थुरिंगियात ठेवलेले नाव होते ‘कॉर्नब्लूम’, गव्हाच्या शेतात उगवणारे निळे फूल. नऊ वर्षांत सरकारची भाषा सुधारली होती. काम तेच होते.

फळ्यांच्या जागी काटेरी तार आली, आणि 1966 मध्ये थेट भिंत. सिमेंटची, सुमारे 3.3 मीटर उंच, 700 मीटर लांब. सीमेवर इतरत्र बहुतेक ठिकाणी जाळीचे कुंपण पुरत असे. भिंत मुद्दाम अशा जागी बांधत, जिथे घरे सीमेला अगदी खेटून होती आणि नजरेलाही अडवायचे होते. इथे तळ्याच्या काठावरून ती गेली. रात्री दिव्यांचा लख्ख उजेड, मागे टेहळणीचा मनोरा आणि गस्त. अमेरिकी सैनिकांनी गावाचे नाव ‘लिटल बर्लिन’ ठेवले. बर्लिनमध्ये निदान लाखोंची गर्दी होती आणि जगाच्या वर्तमानपत्रांचे डोळे होते. इथल्या पन्नास माणसांना भिंतीचा अनुभव दिवसरात्र घरच्या घरी मिळत होता.

पश्चिमेच्या बाजूने सहलींच्या बसगाड्या येऊ लागल्या. लोक चढावर उभे राहून भिंतीपलीकडचे गाव बघत आणि हात हलवत. पलीकडच्यांना उलट हात हलवायला मनाई होती. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाईने ज्या शेजारणीबरोबर लहानपणी शाळेत बसून पाटी गिरवली, तिच्याकडे न पाहिल्यासारखे करून चिमटे लावायचे. पहारेकऱ्यांच्या वहीत नाव गेले तर पुढच्या खेपेला घर सुटण्याची भीती. 5 फेब्रुवारी 1983 रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश हेही पश्चिम जर्मन संरक्षणमंत्री मान्फ्रेड व्यॉर्नर यांच्याबरोबर येऊन भिंत पाहून गेले. गावातल्या भिंतीवरून यशस्वी पलायन झाल्याची नोंद एकच आहे. मे 1973 मध्ये एका माणसाने शिडी लावली आणि तो उतरला तो बव्हेरियात. इतका सगळा बंदोबस्त, आणि त्याला हरवले ते घरोघरी असणाऱ्या अवजाराने.

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला उघडली. म्योडलारॉइटला आणखी महिनाभर थांबावे लागले. मेणबत्त्या घेऊन लोक जमले, दोन्हीकडून मागणी झाली, आणि 9 डिसेंबरला भिंतीला एक वाट मिळाली, तीही फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. सदतीस वर्षांनी गाव एकमेकांच्या घरी गेले. भिंतीला यंत्र लागले ते 17 जून 1990 ला. तारीख नेमकी होती: 1953 च्या त्याच दिवशी पूर्व जर्मनीतल्या कामगारांचा उठाव रणगाड्यांनी चिरडला होता. बुलडोझर चालू असतानाच काही जणांना सुचले, की सगळीच पाडली तर उद्या कुणाला खरे वाटायचे नाही. सुमारे 100 मीटर भिंत राखली गेली. सप्टेंबरमध्ये संग्रहालयासाठी संस्था उभी राहिली, आणि आज त्या तुकड्यासह मनोरा, जाळीचे कुंपण, गस्तीची वाहने असे सारे तिथे पाहता येते. 2015 मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘टानबाख’ या मालिकेमागची प्रेरणाही हेच गाव. मालिकेनंतर पाहुणे वाढले, त्यात नवल नाही.

9 डिसेंबर 1989 ची आणखी एक गोष्ट संग्रहालयाच्या सावलीत झाकून जाते. त्याच दिवशी जवळच्या होफमध्ये दोन्ही जर्मनींतले सुमारे 400 निसर्गप्रेमी जमले होते. त्यांत काई फ्रोबेल हा पक्षिनिरीक्षक होता. कोबुर्गजवळ वाढलेल्या फ्रोबेलने तरुणपणी मित्रांसह सीमेवरचे पक्षी मोजले होते. आपल्या गप्पीदासाच्या कुळातला एक छोटा पक्षी पश्चिमेच्या शेतांतून दिसेनासा होत होता, पण सीमापट्टीत मात्र सुखाने अंडी घालत होता. नांगर नाही, औषधाची फवारणी नाही, माणूस तर नाहीच; बसायला कुंपणाचे खांब तेवढे भरपूर. ज्या जमिनीवर पाऊल टाकायला मनाई होती, ती 1393 किलोमीटरची पट्टी तशीच राखावी, असा ठराव होफमध्ये झाला आणि तिला ‘हिरवा पट्टा’ हे नाव मिळाले. एकीकडे गावकरी भिंतीतून बाहेर पडत होते, त्याच दिवशी हे लोक सीमेची रेघ कशी जपायची ते ठरवत होते. विचित्र वाटेल, पण दोघांचेही बरोबर होते.

1990 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनी एक झाली. म्योडलारॉइट झाले नाही. अलीकडचा भाग ट्योपनच्या ग्रामपंचायतीत, पलीकडचा गेफेल नगरात. दोन महापौर, दोन पिनकोड, गाड्यांच्या पाट्यांवर वेगळी अक्षरे, मुलांना दोन राज्यांचे वेगळे अभ्यासक्रम. अलीकडे भेटले की ‘ग्रूस गॉट’, पलीकडे ‘गुटन टाग’. बाहेरचे लोक विचारतात, आता तरी एक का होत नाही? गावाला त्याची निकड वाटलेली दिसत नाही. ही रेघ त्यांनी कधी मागितली नव्हती, पण तिच्यासकट नांदायची सवय मात्र जुनी आहे. वर्षभरात काही जास्तीच्या सुट्ट्या पाहायला मिळतात, हा फायदा वेगळाच.

टेलिफोनचेही तसेच. घरच्या फोनवरून समोरच्या काठाला बोलायचे तर आधी परगावचा कोड लावावा लागतो. त्यापेक्षा ओढ्यापाशी जाऊन हाक मारलेली बरी.